भाच्याला जुना आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, ज्यात एखादं पात्र होऊन खेळायचं) द्यायचाय, पण त्यात ग्रेट काय असतं हे सांगू कसं?

मुलुंड_मामा

भाचा अकरावीत आहे, दिवाळीच्या सुट्टीला नाशिकहून आमच्याकडे आलाय. मोबाईलवर बॅटल रॉयल खेळतो, हात इतका फास्ट की स्क्रीनवर काय चाललंय तेच मला कळत नाही. मी हौसेने लॅपटॉपवर पहिला फॉलआऊट लावून दिला, १९९७ चा. वीस मिनिटं बसला. व्हॉल्ट म्हणजे जमिनीखालचा आसरा, त्याच्या बाहेरच्या गुहेत उंदीर आहेत ना, तिथपर्यंत गेला, दोन उंदीर मारले आणि म्हणाला, "मामा, एकेक उंदीर मारायला आपली पाळी येईपर्यंत थांबायचं? यात ग्रेट काय आहे?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता, आणि मला उत्तर देता आलं नाही याचं मला दोन दिवस वाईट वाटतंय.

माझ्यासाठी तो गेम काय आहे सांगतो. दहावीची परीक्षा झाल्यावरच्या मे महिन्यात भांडुपला मित्राच्या घरी त्याच्या मोठ्या भावाचा पेंटियम थ्री होता, दुपारी भाऊ कामावर गेला की आम्ही बसायचो. व्हॉल्टमधली पाण्याची चिप बिघडलीये आणि १५० दिवसांत नवीन आणायची, नाहीतर आतली सगळी माणसं तहानेने मरणार, एवढीच सुरुवात. आमच्या चाळीत तेव्हा पाणी पहाटे साडेचारला यायचं, आई बादल्या भरायला उठवायची आणि सहाला नळ गेला की गेला. त्यामुळे पाणी संपणार म्हणजे काय हे मला कोणी समजावायला लागलं नाही, मी वहीत दिवस मोजत होतो, कुठल्या गावात कोण काय बोललं ते लिहीत होतो. ती वही अजून आहे माझ्याकडे.

पण हे सगळं भाच्याला सांगून काय उपयोग, ही माझी आठवण झाली, गेमचा गुण नाही. ग्राफिक्स तर नाहीच, मारामारी म्हणावी तर त्याचं बरोबर आहे, ती हळू आहे. गोष्ट म्हणावी तर मग पुस्तक वाचावं की. तर प्रश्न असा की क्लासिक आरपीजी ग्रेट नक्की कशामुळे होतो? आणि तो अजून बारा दिवस आहे इथे, त्याला कुठला देऊ?

काळी_पिवळी

मामा, तुम्ही उंदरांपासून सुरुवात करून दिलीत तिथेच गडबड झाली, त्या गुहेत गेमचा खरा माल काहीच नाहीये. खरा माल कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवर आहे आणि तो कळायला दोन वेळा खेळावं लागतं.

माझं सरळ म्हणणं आहे, ज्या गेममध्ये तुम्ही काय नाही आहात याला किंमत असते तो चांगला आरपीजी. फॉलआऊटमध्ये सात गुण आहेत, ताकद, नजर, दमसास, बोलण्याची छाप, बुद्धी, चपळाई, नशीब. बुद्धी दोनवर ठेवून बघा. तुमचा हिरो वाक्यच बोलू शकत नाही, नुसता ऊं ऊं करतो, लोक हाकलून देतात, अर्धी कामं तुम्हाला मिळतच नाहीत कारण देणारा म्हणतो याला कसं सांगू. दुसऱ्या भागात, १९९८ च्या, क्लॅमथ नावाच्या गावात टॉर म्हणून एक मतिमंद मुलगा आहे, नॉर्मल हिरो घेऊन गेलात तर त्याचं बोलणं धड कळत नाही. आणि कमी बुद्धीचा हिरो घेऊन त्याच्याकडे गेलात की दोघं एकदम सभ्य, सुंदर, लांबलचक वाक्यांत एकमेकांशी बोलायला लागतात! मी तो सीन बघितला तेव्हा खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या. शंभरातल्या नव्वद लोकांना हा सीन कधी दिसणारच नाही हे माहीत असून कोणीतरी बसून तो लिहिलाय, हे माझ्या दृष्टीने ग्रेट.

आता शेवटाचं सांगतो, स्पॉयलर आहे, भाच्याला वाचू देऊ नका. मास्टर नावाचा जो शेवटचा शत्रू आहे त्याला सगळ्या माणसांना म्युटंट, म्हणजे शरीर बदललेले राक्षसी जीव, करायचंय, म्हणजे माणसामाणसांतला फरकच राहणार नाही आणि भांडणं संपतील असा त्याचा विचार. त्याला बंदुकीने मारता येतं. पण म्युटंटना मुलं होऊ शकत नाहीत याचा पुरावा तुम्ही शोधलेला असेल, तो तुमच्याकडे असेल आणि तुम्हाला नीट बोलता येत असेल तर तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून सांगू शकता की बाबा रे तुझी अख्खी जमात एका पिढीत संपणार आहे. आणि तो ऐकतो. त्याला कळतं की आपण जे केलं ते सगळं फुकट गेलं, आणि तो स्वतःच सगळं उडवून देतो. एकही गोळी न झाडता. तुम्ही तीस तासांपूर्वी पहिल्या स्क्रीनवर जे आकडे टाकले ते तिथे उपयोगी पडतात, त्या बिचाऱ्या मास्टरबद्दल मला अजून वाईट वाटतं.

हे पुस्तकात होत नाही मामा. पुस्तकातला माणूस हुशार असतो कारण लेखकाने तसं ठरवलंय, इथे हुशारीसाठी तुम्ही ताकद सोडलेली असते.

चौथी_सीट

काळी_पिवळी, तुमचं अर्धं पटलं. टॉरचा सीन मी बघितलेला नाही, आता नक्की बघणार. पण तुमच्या व्याख्येने जपानी आरपीजी सगळे बाद होतात, त्यात हिरो आधीच ठरलेला, गोष्ट ठरलेली, तुम्ही फक्त चालवायचं. आणि तरी मी आयुष्यात गेमसमोर सगळ्यात जास्त रडले ती फायनल फँटसी सहासमोर.

१९९४ चा गेम आहे, सुपर निन्टेन्डोचा, मी खूप नंतर कॉलेजला असताना कॉम्प्युटरवर खेळले. त्यात अर्ध्यावर व्हिलन जिंकतो. म्हणजे जिंकता जिंकता राहत नाही, खरंच जिंकतो, जग मोडतं, नकाशा बदलतो, तुमची सगळी माणसं कुठे कुठे फेकली जातात. मग वर्षभराने आपल्यातलीच एक, सेलेस, एका ओसाड बेटावर जागी होते, सोबत फक्त सिड म्हणून एक म्हातारा, आणि तो आजारी आहे. काम काय, तर किनाऱ्यावर जाऊन मासे पकडायचे आणि त्याला खाऊ घालायचे. बस. जोरात पोहणारा मासा चांगला, रेंगाळणारा वाईट, आणि हे गेम कुठेच सांगत नाही. मला माहीतच नव्हतं, जो सापडेल तो पकडून देत होते, आपण सेवा करतोय या भावनेने, आणि म्हातारा खालावत गेला आणि गेला. आमची आजी बाजारात पापलेटचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही आणि मी तिची नात, मला मासा निवडता आला नाही असं झालं. दुसऱ्या वेळी खेळताना कळलं की तो वाचू शकतो. गोष्ट दोन्हीकडून पुढे जाते पण ती एक जागा कायम वेगळी राहते.

त्याच्यानंतरचा भाग मला जास्त आवडतो. विमान मिळालं की गेम तुम्हाला मोकळं सोडतो, थोडीच माणसं घेऊन सरळ शेवटच्या बुरुजावर गेलात तरी चालतं. बाकीच्यांना शोधलंच पाहिजे असं नाही. मी सगळ्यांना शोधलं. कोण कुठे असेल याचा अंदाज बांधत, आधीच्या वीस तासांत तो माणूस कसा वागला होता ते आठवत. यात मी कोण आहे हे कुठल्याही आकड्यात लिहिलेलं नव्हतं तरी मी त्यात होते.

तर मला वाटतं निवड कमी की जास्त हा मुद्दा नाही, एखाद्या गोष्टीचा भार तुमच्यावर टाकला जातो का, आणि तो टाकताना गेम गप्प बसतो का, हा आहे. आजकालच्या कितीतरी गेममध्ये वर कोपऱ्यात लगेच लिहून येतं की अमक्याला तुमचं वागणं आवडलं. अरे मला बघू दे ना तोंडाकडे.

मामा, बारा दिवसांसाठी क्रोनो ट्रिगर द्या. १९९५ चा आहे, वीस पंचवीस तासांत होतो, फोनवर मिळतो म्हणजे तो हातातच घेईल, आणि शत्रू बहुतेक ठिकाणी आधीच समोर दिसतात, चालता चालता हवेतून मारामारी येऊन पडत नाही. सुरुवातीला एक जत्रा आहे. एक विनंती, जत्रेत तो काय करतो ते करू द्या, तुम्ही बाजूला बसून काहीही सुचवू नका. अगदी काहीही.

रात्रपाळी

गेम गप्प बसतो का, हे एकदम बरोबर पकडलं.

मी मॉरोविंडवाला माणूस, २००२ चा गेम. त्यात नकाशावर बाण नाही. कोणाला तरी शोधायचं तर लोक तोंडी पत्ता सांगतात, पूल ओलांड, नदी डाव्या हाताला ठेवून उत्तरेला जा, दोन रस्ते फुटतील तिथून वरचा घे, आणि ते डायरीत लिहिलं जातं, बाकी तुम्ही आणि रस्ता. आणि सांगणारा कधी कधी चुकीचं सांगतो! आपण वडाळ्यात किंवा लालबागला आत गल्लीत कोणाचं घर शोधायला जातो तसं, पानवाला सांगतो पिठाच्या गिरणीच्या मागे, गिरणीवाला म्हणतो छे, ते तर पलीकडच्या बिल्डिंगला. पण असं तीनदा हिंडून घर सापडलं की तो एरिया तुमच्या डोक्यात कायमचा बसतो. बालमोरा शहर मी आज डोळे मिटून चालू शकतो. बाण बघत बघत खेळलेल्या नव्या गेमांतलं एकही शहर मला आठवत नाही, कारण मी शहर बघितलंच नव्हतं, बाण बघत होतो.

आणि हे का बदललं त्याला सरळ कारण आहे. मॉरोविंडमध्ये बहुतेक बोलणं नुसतं लिहिलेलं आहे. लिहायला पैसे लागत नाहीत, म्हणजे लागतात पण कमी, लेखकाला शेवटच्या महिन्यात वाटलं की या माणसाने अजून दोन ओळी पत्ता सांगावा तर तो टाकू शकतो. त्याच कंपनीचा पुढचा गेम, ऑब्लिव्हियन, २००६ चा, त्यात सगळ्यांना आवाज दिला, मग प्रत्येक ओळीला स्टुडिओ, कलाकार, डिस्कवर जागा. साहजिक बोलणं आखूड झालं, आणि पत्ता सांगायच्या जागी होकायंत्रावर बाण आला. कोणी वाईट बुद्धीने केलं असं नाही, पण गेलं ते गेलं.

अजून एक, हे भाच्याला आवडेल. सुरुवातीच्या गावातून बाहेर पडलं की थोड्या वेळात आकाशातून एक माणूस ओरडत खाली पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ तीन मंत्राचे कागद आणि एक वही. त्याने उंच उडी मारायचा मंत्र शोधलेला असतो. तुम्ही साहजिकच एक कागद वापरता, उडी मारता, अख्खं बेट खाली सरकताना दिसतं, काय भारी वाटतं, आणि मग तुमच्या लक्षात येतं की उतरायचं कसं याचा विचार त्यानेही केला नव्हता. खाली पडायच्या आत दुसरा कागद वापरला तर वाचता. कोणी शिकवत नाही, ट्युटोरियल नाही, एक मेलेला माणूस आणि तीन कागद.

वडाळा_डेपो

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, मनापासून बोलतोय.

तुम्ही सगळे सोळा ते वीस वयात होतात. नोकरी नाही, ईएमआय नाही, दुपार रिकामी. तेव्हा जे खेळलं ते ग्रेटच वाटणार. मी गेल्या वर्षी बाल्डर्स गेटचा दुसरा भाग परत लावला, २००० चा, माझा जीव की प्राण होता तो. आणि खरं सांगतो, चिडचिड झाली. थॅको, म्हणजे वार लागतो की नाही ते ठरवणारा आकडा, त्याचा हिशोब उलटा, आकडा जितका कमी तितका योद्धा चांगला, हे आजच्या मुलाला का म्हणून शिकायचं? जादूगाराचे मंत्र संपले की झोपा, उठा, एक मारामारी करा, परत झोपा. दरोडेखोरांच्या अड्ड्याच्या मधोमध आठ आठ तास झोपतोय आपण. हे जुनं आहे म्हणून पवित्र होत नाही.

मुलाला २०२३ चा तिसरा बाल्डर्स गेट द्या. सगळ्यांना आवाज आहे आणि तरी निवडींचा डोंगर आहे, म्हणजे रात्रपाळीचं आवाजाचं कारणही पूर्ण खरं नाही, पैसे आणि वर्षं टाकली तर दोन्ही होतं. किंवा २०१९ चा डिस्को एलिझियम, त्यात नेहमीची मारामारीच नाही, सगळं बोलण्यावर.

एवढं मात्र कबूल करतो की दुसऱ्या भागात सुरुवातीलाच कैदखान्यात जाहीराला, आपल्या टोळीतल्या बाईला, तिच्या नवऱ्याचं प्रेत सापडतं, आणि पहिल्या भागात तो नवरा, तो अडखळत बोलणारा खालिद, माझ्या टोळीत शंभर तास चाललेला होता. तिथे मला आजही गेम थांबवावा लागला. ते वयामुळे नसावं.

काळी_पिवळी

वडाळा, वयाचा मुद्दा मी पण स्वतःला विचारला होता म्हणून उत्तर देतो. प्लेनस्केप टॉरमेंट मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी छत्तीसचा होतो, लॉकडाऊनमध्ये, मुलगी झोपल्यावर रात्री अकरानंतर. कुठली लहानपणची आठवण नाही, काही नाही. १९९९ चा गेम, मारामारी त्यात फॉलआऊटपेक्षा वाईट आहे, हे आधीच सांगतो. पण जवळजवळ सगळीकडे बोलून सुटता येतं आणि सगळ्यात उपयोगी गुण कुठला तर शहाणपण.

तुम्ही एक माणूस असता जो मरतच नाही, मेला की उठतो आणि मागचं विसरतो. आणि तुमच्यासोबत डॅक्कॉन नावाचा एक म्हातारा योद्धा असतो, त्याच्याकडे दगडाचं एक गोल चक्र, एकात एक बसवलेली वर्तुळं, ती उघडत गेलं की त्याच्या धर्माच्या कथा येतात. तो गुरू, तुम्ही शिष्य, एकेक कथा वाचायची, त्याचा अर्थ त्याला सांगायचा, मग तो पुढची उघडू देतो. शहाणपण पुरेसं असेल तर एका टप्प्यावर तुम्ही त्याच्या पुढे जाता, त्याला न उघडलेली वर्तुळं तुम्ही उघडता, आणि आता तो तुमच्याकडून शिकायला लागतो. आणि मग कळतं की ते चक्र त्याला मुळात दिलं कोणी होतं. तुम्हीच. तुमच्याच मागच्या एका जन्माने, त्याला मदत म्हणून नाही, बांधून ठेवायला. मला रात्री दीड वाजता हात थंड पडल्यासारखं झालं.

त्या गेममध्ये एक म्हातारी विचारते की माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो. आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं, स्वभावाला औषध नाही. मी उत्तरांची यादी बघत किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही, आणि त्या यादीत बरोबर उत्तर कुठलंच नाहीये, जे तुम्ही द्याल ते तिला चालतं. तुमचं हवं, एवढंच.

झोपण्याच्या बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, ते तेव्हाही वाईटच होतं.

जुना_माऊस

मुलांनो, एक छोटीशी भर. १९८५ चा अल्टिमा चार, आता फुकट मिळतो, मी निवृत्त झाल्यावर खेळलो.

त्यात शेवटी मारायला राक्षस नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म, नम्रता, आणि अवतार व्हायचं. शब्द आपलाच, अवतार, गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटने तो हिंदू कल्पनेवरून घेतला. आता त्यात जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. ती भाव सांगते आणि तुम्ही किती नाणी दिली ते तुम्ही टाइप करायचं. कमी दिली तरी ती माल देते, धन्यवाद म्हणते. कोणी ओरडत नाही, पोलीस येत नाही. गेम आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा कमी करतो आणि शेवटी कधीतरी तुमची वाट अडते. मला नाण्यांची फार गरज होती त्या वेळी. मी पूर्ण दिली, आणि खोलीत मी एकटाच होतो.

मुलुंड_मामा

नऊ दिवसांनी लिहितोय, घरात पाहुणे होते. सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं दोनदा वाचलं.

चौथी_सीट, तुमचं ऐकलं. क्रोनो ट्रिगर फोनवर घेऊन दिला आणि गप्प बसलो, फार जड गेलं, कारण जत्रेत पाच मिनिटांत त्याने टेबलावर ठेवलेला एका म्हाताऱ्याचा डबा खाऊन टाकला. तिथे पिशवी दिसते, बटण दाबलं, खाल्लं, पुढे. मुलीला धडकला तेव्हा ती खाली पडलेली आणि त्याने आधी तिचं लॉकेट उचललं, मग तिच्याकडे बघितलं. हरवलेलं मांजर शोधणारी छोटी मुलगी होती, तिला ओलांडून गेला. मी चहा पीत होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला आत्याकडे निघालो होतो, गाडीत उभा राहून खेळत होता. गेममध्ये त्याच्यावर राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो, ती धडकलेली मुलगी म्हणजे राजकन्या. आणि वकील एकेक साक्षीदार बोलावतो. तो डबेवाला म्हातारा येतो. मग लॉकेटचं निघतं. भाच्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, हा पहिल्यापासून बघत होता?" ठाणं आलं तरी उतरायचं लक्षात नाही, मी दंडाला धरून उतरवला. ज्युरी एकेक करून दोषी, दोषी म्हणत गेले, फाशीची शिक्षा.

घरी येऊन काय केलं असेल, पहिल्यापासून सुरू केला. तीन दिवसांचा खेळ टाकून. या वेळी डब्याला हात लावला नाही, मांजर शोधून दिलं, मुलीला आधी उठवलं. निर्दोष सुटला, आणि तरी मंत्र्याने त्याला तुरुंगात टाकलंच. तेव्हा जो चिडला म्हणून सांगू, मारामारी हरल्यावर इतका चिडलेला मी त्याला बघितला नाहीये. जेवताना माझ्या बायकोला सगळं सांगत होता, मामी मी खरंच काही केलं नव्हतं, या वेळी खरंच नव्हतं.

गेम अजून पूर्ण झालेला नाही, उद्या सकाळच्या गाडीने तो नाशिकला जाईल. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर फॉलआऊट चालेल का विचारत होता, म्हटलं त्याच्यावर तर नक्की चालेल. माझी ती वही पण मागितली, दिली. झोपायला जाताना विचारलं की बुद्धी दोन ठेवली तर नक्की काय होतं. हे त्याने कुठे वाचलं ते मला माहितीये, पण मी सांगितलं नाही.